हाताने मळलेला चरस आणि चाळलेली हशीश : दोन पद्धती, दोन मुलूख

मूळ लेख

गांजाच्या ताज्या झाडाची राळ हाताने मळून केलेला चरस शुद्ध आणि वाळलेल्या झाडाची राळ चाळणीतून काढून केलेली हशीश हलक्या प्रतीची, असे विधान या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक चर्चेत कुणी ना कुणी करतेच, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ हिमालयातल्या खोऱ्यांची जुनी परंपरा पुढे केली जाते. मला हे विधान मान्य नाही. जुन्या नोंदी, वनस्पतीची रचना आणि जिथे जिथे हे पदार्थ तयार होत आले त्या प्रदेशांचे हवामान एकत्र ठेवून पाहिले, तर कोणत्या मुलखात कोणती पद्धत रुजली हे मुख्यतः तिथल्या हवेतल्या ओलाव्याने ठरवले आणि प्रतिष्ठेची उतरंड व्यापाराने रचली, असे दिसते. या मताची कसून तपासणी व्हावी म्हणून ही चर्चा सुरू करत आहे. चर्चा इतिहास, वनस्पतिशास्त्र, अर्थकारण आणि कायदा यांपुरती ठेवावी. पदार्थ तयार करण्याची कृती इथे विचारू नये आणि सांगू नये, ही विनंती.

आधी झाडाकडे पाहू. गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर आणि फुलांलगतच्या बारीक पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. भिंगाखाली पाहिले तर त्या बारीक देठांवर उभ्या असलेल्या काचेच्या मण्यांसारख्या दिसतात. मण्याचा व्यास साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. राळ तयार होते ती या मण्याच्या तळाशी असलेल्या पेशींत, आणि साठते त्या पेशींवरच्या पातळ आवरणाखाली. चरस असो वा हशीश, करणाऱ्याचा हेतू एकच असतो, तो म्हणजे ही राळ बाकीच्या झाडापासून वेगळी करणे. झाड ताजे असताना हाताच्या दाबाने मणी फुटतो आणि आतली राळ त्वचेला चिकटते. झाड पूर्ण वाळले की देठ ठिसूळ होतो आणि मणी बहुधा अखंड गळून पडतो. पहिल्या गुणधर्मावर मळण्याची पद्धत उभी आहे आणि दुसऱ्यावर चाळण्याची.

आता नकाशा समोर ठेवा. हिमालयाच्या दक्षिण उतारावर, म्हणजे कुलू, गढवाल, कुमाऊँ आणि नेपाळ या पट्ट्यात, पावसाळा सप्टेंबरपर्यंत रेंगाळतो आणि फुलोरा पक्व होतो तो त्याच्या पाठोपाठ. दऱ्यांमध्ये ऊन उशिरा पोहोचते आणि लवकर जाते, रात्री दव पडते, आणि कापून ठेवलेले पीक कडकडीत वाळण्याआधी त्याला बुरशी धरण्याची भीती असते. तिथे उभ्या झाडावरूनच राळ उतरवून घेण्याची रीत रुजली यात नवल नाही. याउलट मध्य आशियातले यारकंद (तेव्हाच्या चिनी तुर्कस्तानातले), उत्तर अफगाणिस्तान, लेबनॉनमधील बेका खोरे आणि मोरोक्कोतला रीफ डोंगरपट्टा या सगळ्या ठिकाणी पीक काढण्याच्या सुमारास हवा कोरडी असते, आणि या सगळ्या ठिकाणी चाळण्याचीच पद्धत आढळते. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेले हे प्रदेश एकाच पद्धतीपाशी येऊन थांबले, हा मला योगायोग वाटत नाही.

जुन्या वर्णनांत सर्वांत अधिक उद्धृत होते ते विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांचे. ते कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि १८३९ मध्ये त्यांनी गांजाच्या औषधी गुणांवर निबंध वाचला. मध्य हिंदुस्थान, सागर प्रांत आणि नेपाळ येथे कातड्याचे कपडे घातलेली माणसे पिकातून जोराने धावतात, कपड्यांना चिकटलेली राळ नंतर खरवडून काढली जाते, असे ते लिहितात; आणि नेपाळात कातड्यालाही फाटा देऊन उघड्या अंगाच्या मजुरांच्या त्वचेवर राळ गोळा केली जाते, ही माहिती डॉ. मॅककिनन यांच्याकडून मिळाल्याचे सांगतात. त्याच मजकुरात आणखी एक वाक्य आहे, आणि त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. नेपाळात हाताने गोळा केलेला ‘मोमिया’, म्हणजे मेणासारखा चरस, नेहमीच्या चरसाच्या जवळजवळ दुप्पट भावाने विकला जातो, असे त्यात म्हटले आहे. हाताच्या मालाला जास्त भाव ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे, हे यावरून कळते. मात्र ती तुलना इथे चाळलेल्या मालाशी नव्हतीच, कातड्यावरून खरवडलेल्या मालाशी होती. धावणाऱ्या माणसांनी झाडाचा जो चुरा सोबत आणला असेल तो लक्षात घेता त्या काळी हाताचा माल सरस ठरणे स्वाभाविक होते. पुढे संदर्भ गळाला आणि ‘हाताचा तो उत्तम’ एवढेच उरले.

दुसरी महत्त्वाची नोंद १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनची, म्हणजे गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाची. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या. चरसाविषयी त्याच्या अहवालातून जे चित्र उभे राहते ते आजच्या समजुतीच्या नेमके उलटे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात खपणारा बहुतेक चरस हिमालयाच्या दक्षिण उतारावरचा नव्हताच. तो यारकंदहून काराकोरम खिंडीच्या वाटेने लेहला आणि तिथून पंजाबात उतरत असे. होशियारपूर आणि अमृतसर ही त्या व्यापाराची मोठी ठाणी होती. यारकंदचा हा माल वाळवून, चुरून, चाळून केलेला असे आणि चामड्याच्या पिशव्यांतून येत असे. म्हणजे पंजाबातल्या चिलमीत कित्येक दशके जो ‘अस्सल चरस’ जळत होता तो चाळलेला होता. १९३० च्या दशकात चिनी तुर्कस्तानातून येणारा हा ओघ आटला, आणि त्यानंतरच हिमालयाच्या अलीकडच्या बाजूच्या मळलेल्या चरसाला मैदानी बाजारात मोठी जागा मिळाली, असा माझा निष्कर्ष आहे.

प्रतिसाद १

लेख काळजीपूर्वक लिहिला आहे, परंतु सगळा भार हवामानावर टाकणे मला पुरेसे वाटत नाही. डोंगराळ भागात हे झाड मुख्यतः राळेसाठी लावले जातच नव्हते. कुमाऊँ आणि नेपाळात त्याच्या सालीपासून धागा काढला जाई, त्यातून दोर, पोती आणि जाडेभरडे कापड तयार होई. बिया खाण्यात आणि तेलासाठी वापरल्या जात. कुलू भागातले ‘पुला’ नावाचे पादत्राण आजही या धाग्यापासून बनते. ज्या शेतकऱ्याला त्याच झाडापासून साल आणि बी हवे आहे, तो ते सगळे चुरून चाळणीत कसे घालेल? उभ्या झाडावरून हात फिरवून राळ घेतली तर बी पिकत राहते आणि साल जागेवर राहते. मळण्याची पद्धत टिकण्यामागे हे कारण हवामानाइतकेच वजनदार आहे. चाळण्यासाठी पीक एकगठ्ठा कापावे लागते, आणि ते परवडते तिथेच जिथे राळ हेच मुख्य उत्पन्न आहे.

शिवाय जमिनीच्या तुकड्यांचा विचार व्हावा. डोंगरात झाड बांधावर, ओढ्याकाठी, गोठ्यामागे आपोआप उगवते. असे विखुरलेले पीक चाळणीच्या कामाचे नाही, पण हिंडत हिंडत हात फिरवणाऱ्याला ते चालते.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

धाग्याचा आणि बियांचा मुद्दा मी लेखात आणायला हवा होता, कारण त्याने माझे म्हणणे दुरुस्त होते आणि भक्कमही होते. हवामान कोणती पद्धत शक्य आहे ते ठरवते. शक्य असलेल्यांपैकी कोणती परवडते ते शेतीचा प्रकार ठरवतो. माझ्या मूळ विधानात ही दुसरी पायरी नव्हती. प्रतिष्ठेविषयीच्या निष्कर्षाला मात्र यामुळे बाध येत नाही.

प्रतिसाद २

रसायनशास्त्राच्या बाजूने थोडे लिहितो, कारण ‘शुद्ध’ हा शब्द या चर्चेत फार सैलपणे वापरला जातो.

ताज्या झाडात टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य जवळजवळ नसतेच. असते ते त्याचे आम्लरूप, आणि उष्णतेने त्याचे टीएचसी होते. टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या हाती असलेला कच्चा माल म्हणजे पोलिसांनी जप्त केलेली लेबनॉनची हशीश होती, अर्थात चाळलेली. उजेड, हवा आणि काळ यांमुळे टीएचसीचे हळूहळू सीबीएन या कमी प्रभावी द्रव्यात रूपांतर होते. म्हणून जुना माल कोणत्याही पद्धतीचा असला तरी त्याची तीव्रता घटते, आणि काळा रंग म्हणजे तीव्रता हा समज निराधार आहे. बाहेरून काळा आणि आतून हिरवट-तपकिरी दिसणारा मळलेला चरस तसा दिसतो तो मुख्यतः ताज्या झाडाचा रस, हरितद्रव्य आणि पृष्ठभागावर हवेशी झालेली प्रक्रिया यांमुळे. चाळलेली हशीश फिकट पिवळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत असते, आणि त्या छटा पिकाची पक्वता, झाडाच्या चुऱ्याचे प्रमाण आणि साठवण यांवर ठरतात.

गंधाचा प्रश्न अधिक रोचक आहे. मळलेल्या चरसात ताज्या झाडाची उडून जाणारी सुगंधी द्रव्ये सुरुवातीला अधिक असतात. चाळण्याआधी झाड वाळवावे लागत असल्याने त्यातली बरीचशी तेव्हाच निघून गेलेली असतात. असे असूनही हशीशचा म्हणून जो ओळखीचा गंध आहे तो ताज्या झाडाला नसतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हशीशच्या वाफेत ‘हशिशीन’ असे नाव दिलेले एक द्रव्य ओळखले गेले; झाडातल्या मिर्सीन या सुगंधी द्रव्याची प्रकाश आणि हवा यांच्याशी प्रक्रिया होऊन ते बनते. म्हणजे हा गंध झाडातून जसाच्या तसा येत नाही, तो वाळवण्यात आणि साठवण्यात घडतो.

शुद्धतेचा अर्थ ‘राळेचे प्रमाण’ असा घेतला, तर मळलेल्या चरसात पाणी, झाडाचा रस, हातावरचा घाम आणि त्वचेच्या मृत पेशी अपरिहार्यपणे येतात. चाळलेल्या हशीशमध्ये पानांची धूळ आणि मातीचे कण येतात. दोन्हींत झाडाचे इतर अंश असतातच. किती, हे पद्धतीपेक्षा करणाऱ्याच्या काळजीवर आणि विकणाऱ्याच्या लोभावर अवलंबून असते.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला जोडून सांगतो. २०१९ मध्ये माद्रिदच्या रस्त्यांवर विकल्या जाणाऱ्या हशीशच्या ९० नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांपैकी सुमारे ७५ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू सापडला. त्यावेळी अनेकांनी त्याचा अर्थ ‘चाळलेली हशीश घाणेरडी’ असा लावला. पण तपशील पाहिला तर चित्र वेगळे दिसते. ओकच्या फळाच्या आकाराच्या लहान गोळ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ९३ टक्के होते आणि विटेसारख्या लगडींमध्ये २९ टक्क्यांच्या आसपास. त्या गोळ्या माणसांना गिळायला लावून सीमेपलीकडे आणल्या जातात. दूषितपणा चाळणीतून आलेला नव्हता, तो तस्करीच्या वाटेवर आला होता. जप्तीच्या मालावरून पद्धतीचा निवाडा करणाऱ्यांनी हा फरक अवश्य ध्यानात घ्यावा. सेवन करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा फरक निरुपयोगी आहे, कारण त्याच्या हातात पडतो तो माल त्या वाटेने आलेलाच असतो, आणि पाहून किंवा हुंगून त्यातले जिवाणू कळत नाहीत.

प्रतिसाद ४

कायद्याविषयी लिहितो, कारण ‘पारंपरिक आहे, हाताने केले आहे, म्हणून सौम्य धरले जाईल’ अशी धोकादायक समजूत हिमाचलमध्ये जाणाऱ्या तरुण पर्यटकांत दिसते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणून ओळखतात, चरस म्हणजे गांजाच्या झाडापासून वेगळी केलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध केलेली आणि कोणत्याही रूपात असो. ती हाताने काढली की चाळणीने, याची कायद्याला गरज नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातली व्याख्याही याच धर्तीची आहे. फरक पडतो तो राळ आणि फुलोरा यांत. गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत आणि ‘व्यापारी मात्रा’ वीस किलोच्या वर धरली जाते. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि एक किलो आहेत. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी मात्रेला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. भेसळीविषयी वर लिहिले गेले आहे, त्यासंदर्भात हीरा सिंग खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल महत्त्वाचा आहे. मिश्रणातल्या निष्क्रिय पदार्थाचे वजन वगळायचे नाही, संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे, असे त्यात ठरले. त्यामुळे ‘यात अर्धा तर पाचोळाच आहे’ हा बचाव मात्रा ठरवताना उपयोगी पडत नाही.

आणखी एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. याच कायद्याच्या दहाव्या कलमाने राज्यांना गांजाच्या लागवडीला आणि उत्पादनाला परवानगी देण्याचा अधिकार दिला आहे, पण त्यात चरस स्पष्ट शब्दांत वगळला आहे. उत्तराखंडाने औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने देण्यास सुरुवात केली आणि हिमाचल त्याच दिशेने पावले टाकत आहे, ते धागा, बिया आणि औषधी उपयोग यांसाठी. हिमाचलमधल्या मलाणा किंवा पार्वती खोऱ्यातला मळलेला चरस त्यामुळे वैध होईल, ही अपेक्षा चुकीची आहे.

प्रतिसाद ५

मला या चर्चेत मजुरीची बाजू हवी होती. हाताने मळण्याचे काम अत्यंत संथ आहे. दिवसभर उभे राहून माणसाच्या हाती काही ग्रॅमच लागतात, आणि जितकी काळजी घ्यावी तितके ते कमी होतात. पार्वती खोऱ्यात हंगामात हे काम करायला बरेचदा नेपाळातून आलेले मजूर असतात. छायाचित्रांतून काळवंडलेले तळवे दिसतात, त्या माणसाच्या वाट्याला काय येते ते दिसत नाही. ज्याला आपण ‘कारागिरी’ म्हणून गौरवतो तिच्यात पकडले जाण्याची सगळी जोखीम शेतात उभ्या असलेल्या माणसाची असते आणि भावातली वाढ खोऱ्याबाहेरच्या दलालाची. मूळ लेखातला ‘प्रतिष्ठा व्यापाराने रचली’ हा मुद्दा मला याच कारणाने पटतो, आणि तो याहून अधिक ठामपणे मांडायला हवा होता.

चाळण्याचे अर्थकारण वेगळे आहे. तिथे पीक आधी वाळवून साठवता येते आणि राळ सवडीने, थंडीत काढता येते. रीफमध्ये हिवाळ्यात घराघरांतून काठ्यांचा ताल ऐकू येतो, कारण कापड ताणून बांधलेल्या परातीवर वाळलेले पीक ठेवून वरून झोडपले जाते. एका घरातली चारपाच माणसे मिळून संपूर्ण हंगामाचे पीक हाताळू शकतात, हे मळण्याच्या बाबतीत कल्पनेतही शक्य नाही.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

मजुरीविषयीची टीका मी मान्य करतो. मोरोक्कोच्या उदाहरणातून तीच बाब दुसऱ्या टोकाने दिसते. तिथे जुनी रीत होती ती कीफची, म्हणजे बारीक कापलेला फुलोरा तंबाखूत मिसळून ओढण्याची. चाळून हशीश करण्याची पद्धत तिथे प्रामुख्याने १९६० च्या दशकापासून युरोपीय मागणीबरोबर पसरली. म्हणजे आज जगात ‘पारंपरिक मोरोक्कन हशीश’ म्हणून जी ओळखली जाते तिची परंपरा एका माणसाच्या आयुष्याएवढी आहे. २००३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत रीफमधले लागवडीखालचे क्षेत्र सुमारे १,३४,००० हेक्टर भरले. मळण्याच्या पद्धतीने एवढ्या क्षेत्रातली राळ काढणे कोणत्याही मजूरसंख्येला झेपले नसते.

त्याच संस्थेने २०१० मध्ये अफगाणिस्तानची पहिली गांजा-पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार तिथे हेक्टरी सुमारे १४५ किलो राळ निघत होती, तर मोरोक्कोत सुमारे ४०. दोन्हीकडे पद्धत चाळण्याचीच. एकाच पद्धतीत साडेतीन पटींहून अधिक तफावत पडते, याचा अर्थ जमीन, पाणी आणि झाडाचे वाण यांचा वाटा पद्धतीपेक्षा मोठा आहे.

प्रतिसाद ६

वाणांचा उल्लेख झाला म्हणून विचारतो. मोरोक्कोत गेल्या काही वर्षांत ‘खर्दाला’सारखे संकरित वाण आल्यावर तिथल्या हशीशची तीव्रता पुष्कळ वाढली असे वाचले आहे. तसे असेल तर जुन्या आणि नव्या हशीशची तुलना, किंवा मळलेल्या आणि चाळलेल्या मालाची आजची तुलना, मुळात होऊ शकते का?

मूळ लेखकाचा प्रतिसाद

प्रश्न अगदी योग्य जागी आहे. युरोपात जप्त होणाऱ्या हशीशमधले टीएचसीचे सरासरी प्रमाण अलीकडे २० टक्क्यांच्या पुढे गेले आहे, आणि त्यामागे स्थानिक ‘बेल्दिया’ वाणाची जागा संकरित वाणांनी घेणे हे एक मोठे कारण आहे. चाळणीत काही क्रांती झाली म्हणून हे घडले नाही. नव्या वाणांना पाणी खूप लागते, आणि रीफच्या कोरडवाहू उतारांवर त्याचा ताण पडतो. मेंदूवरच्या परिणामांच्या, विशेषतः मनोविकाराच्या धोक्याच्या दृष्टीने ही वाढलेली तीव्रता गंभीर आहे. जुन्या अहवालांतली ‘माफक सेवनाने फारसे नुकसान नाही’ अशी वाक्ये आजच्या मालाला लावणे म्हणूनच चूक आहे, कारण १८९४ च्या आयोगासमोर असा माल नव्हता.

म्हणून माझे उत्तर असे की दोन पद्धतींची न्याय्य तुलना करायची तर एकाच शेतातले, एकाच वाणाचे, एकाच पक्वतेचे पीक अर्धे मळून आणि अर्धे चाळून, दोन्हींची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागेल. बाजारात मिळणाऱ्या मालावरून ती करता येत नाही, कारण तिथे पद्धतीबरोबर वाण, हवामान, वय आणि भेसळ हे सगळेच बदललेले असते. हिमालयातल्या स्थानिक वाणांच्या बाबतीत तर घाई करायला हवी. गांजाचे पराग वाऱ्याने लांबवर जातात. औद्योगिक भांगेची मोठी लागवड त्या खोऱ्यांच्या आसपास सुरू झाली, किंवा बाहेरून आणलेले संकरित बी तिथे पेरले गेले, की बांधावरच्या जुन्या झाडांत त्यांचे गुण मिसळणार. त्याआधी त्या वाणांचे बी अधिकृत बियाणे-संग्रहात पोहोचले, तर पुढच्या संशोधकाला तुलना करायला निदान मूळ झाड तरी हाती राहील.